आजीसाठी काय करू? मुलांच्या हातच्या भेटींबद्दल तुमचे प्रश्न

श्रावण जवळ आला की या सदराकडे येणारी पत्रं एकदम वाढतात, राखी, पिठोरी, शिक्षकदिन, मग दिवाळी, आणि सगळ्यांचं विचारणं साधारण सारखंच, मुलांकडून काय करून घेऊ? मी प्रत्येकाला आधी उलट विचारते की कोणाला द्यायचंय ते सांगा. ज्याला द्यायचंय तो माणूस नीट डोळ्यासमोर आणला की वस्तू आपोआप सुचते, आणि ती मुलांनाच सुचते, मोठ्यांना फक्त सामान काढून द्यायचं असतं. या वेळचे प्रश्न खूप छान होते म्हणून उत्तरं जरा सविस्तर देतेय.

प्रश्न : ताई, माझी लेक साडेचार वर्षांची आहे, तिला या राखीपौर्णिमेला भावासाठी स्वतः राखी करायचीय. भाऊ दहा महिन्यांचा, दिसेल ते तोंडात घालतो. युट्यूबवर बघितलं तर सगळीकडे मणी, टिकल्या, कुंदन, ग्लू गन. काय करू?
– एक आई, नाशिक

उत्तर : मणी, टिकल्या, मोती, चमकी, यातलं एकही नको. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाताला सुटू शकेल असं बारीक काही बांधायचंच नाही, घशात अडकतं. घरातला एखादा जुना पांढरा सुती टी-शर्ट किंवा बनियन घ्या आणि त्याच्या बोटभर रुंदीच्या लांब पट्ट्या कापून द्या. होजिअरीचं कापड असल्यामुळे कडेने धागे सुटत नाहीत आणि पट्टी ओढली की ती आपोआप गोल वळते, छान दोरीसारखी दिसते.

आता रंग. घरातली हळद काढा. पातेलंभर पाण्यात दोन चमचे हळद घालून तुम्ही उकळून द्या, गार झाल्यावर लेकीला त्यात पट्ट्या बुडवू दे, वीस मिनिटांनी पिळून सावलीत वाळत घालायच्या (उन्हात हळदीचा रंग उडतो). बाळाने राखी चोखली तरी हळदच पोटात जाईल, मनगट थोडं पिवळं होईल, होऊ दे. एक पट्टी खेळायला वेगळी ठेवा आणि लेकीला सांगा की हिच्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाक. पिवळ्याचं लाल होतं! मुलं वेडी होतात हे बघून. फक्त ती साबणाची पट्टी राखीत घेऊ नका.

साडेचार वर्षांच्या बोटांना तीन पेडी वेणी बहुतेक जमत नाही, त्यामुळे हट्ट करू नका. एक पांढरी आणि एक पिवळी पट्टी खुर्चीच्या पायाला बांधून द्या, तिला नुसता पीळ घालू दे, मधोमध एक मोठी गाठ मारली की झालं फूल. पीळ वाकडा आला तर वाकडा राहू दे, रात्री ती झोपल्यावर सोडून परत नीट करू नका, मुलांना सकाळी बरोब्बर कळतं. बांधताना मनगट आणि राखी यात तुमचं बोट सहज गेलं पाहिजे, आणि ओवाळून झालं, फोटो झाले की काढून ठेवा, झोपताना तर नक्कीच हातात नको.

प्रश्न : ताई मी सहावीत आहे. माझ्या आजीला आता जवळजवळ काहीच दिसत नाही. मी दर वाढदिवसाला तिला ग्रीटिंग करून द्यायचे आणि ती ते कपाटाला आतून चिकटवायची. आता काय करू? ती म्हणते काही नको गं.
– सातारा

उत्तर : तुझं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. आज्या काही नको असंच म्हणतात, तू कर. ग्रीटिंगच कर, फक्त ते हाताने बघायचं ग्रीटिंग असू दे.

जाड पुठ्ठा घे, वहीएवढा मोठा. त्याच्यावर काय काढायचं हे महत्त्वाचं आहे बरं का. इंद्रधनुष्य किंवा ढग बोटाला कळणार नाहीत. तुझ्या आजीच्या हातांना आधीपासून काय माहितीये ते आठव. आजीने आयुष्यभर दारात ठिपक्यांची रांगोळी काढली असेल ना? मग पाच बाय पाच ठिपक्यांची रांगोळी कर, ठिपक्यांच्या जागी मणी चिकटव आणि ओळींच्या जागी जाड लोकर किंवा सुतळी. ठिपक्यांना मूग किंवा साबुदाणा लावायचा मोह होईल, पण त्याला कीड लागते, म्हणून मणीच बरे. दोन ओळींमध्ये निदान एक बोट जागा सोड, नाहीतर बोटाखाली सगळं एक होतं आणि काहीच समजत नाही. अर्धं झालं की स्वतःचे डोळे घट्ट मिटून हात फिरव, मग मैत्रिणीला डोळे मिटून ओळखायला सांग, तिला ओळखू आलं तर पुढे जा, नाही आलं तर चित्र अजून सोपं कर.

मग कापडं. तुझी आई किंवा काकू देईल तर आजीच्याच एखाद्या जुन्या लुगड्याचा काठ माग. तो काठ पुठ्ठ्याच्या कडेने लाव. माणूस स्वतःचं लुगडं हाताने ओळखतो, किती वर्षं नेसलेलं असतं ते. त्याच्या शेजारी वेगळं कापड लाव, खण, वेलवेट, गोणपाटाचा तुकडा, म्हणजे खरखरीत आणि मऊ असं दोन्ही बोटाला लागेल.

वास विसरू नकोस. पूजेच्या सामानाच्या दुकानात वाळा मिळतो, त्याची छोटी जुडी मलमलच्या पुरचुंडीत बांधून कार्डाच्या कोपऱ्याला शिवून टाक, जोडीला चार लवंगा. वाळ्यावर पाण्याचा शिपका मारला की वास परत जागा होतो, तेव्हा ते काम रोज सकाळी तुझं. आजी शाळेत गेली असेल, तिला अक्षरं येत असतील तर लोकरीने मोठ्ठ्या अक्षरात तिचं नाव लिही, आईबाबा तिला हाक मारतात ते नाही, तिच्या मैत्रिणी लहानपणी ज्या नावाने हाक मारायच्या ते. माहीत नसेल तर विचार तिला, त्या निमित्ताने एक दुपार गप्पा होतील.

देताना हे काय आहे ते सांगू नकोस. तिच्या मांडीवर ठेव आणि शेजारी बस. ती शोधेल. आणि कपाटाला आतून नको, उशाशी किंवा खुर्चीच्या हाताशी, जिथे तिचा हात पोचतो तिथे टांग.

प्रश्न : माझ्याकडे २० रुपये आहेत. आईसाठी काहीतरी करायचं आहे आणि तिला अजिबात कळता कामा नये. मी ९ वर्षांचा आहे.
– ठाणे

उत्तर : अरे वा, मस्त. मे महिन्यातला मदर्स डे सगळ्यांना माहितीये पण आपल्याकडे श्रावणातल्या पिठोरी अमावास्येलाही मातृदिन मानतात, बैलपोळा असतो त्याच दिवशी. ज्या घरात पिठोरीची पूजा असते तिथे आई वाण डोक्यावरून मागे धरते आणि विचारते, अतिथी कोण? मुलाने मागून आपलं नाव सांगायचं आणि वाण घ्यायचं. तुमच्याकडे ही पद्धत नसली तरी दिवस तोच पकड, कारण आईला त्या दिवशी तुझ्याकडून काही येईल असं वाटणारच नाही, गुपित राहील.

घरात एखादी साधी पांढरी किंवा फिकट कापडी पिशवी शोध. भाजीतल्या दोन जून, कडक भेंड्या बाजूला काढ, कोवळ्या नको. बाबांना किंवा ताईला देठाकडून दोन बोटं सोडून आडव्या कापायला सांग, देठाचा भाग म्हणजे तुझी मूठ. कापलेली बाजू पाच-दहा मिनिटं कागदावर उपडी ठेव म्हणजे चिकटपणा जाईल. फॅब्रिक कलरची सगळ्यात छोटी एकच बाटली आण, पैसे कमी पडले तर बाबांकडून भर घाल. रंग बशीत पातळ पसरव, भेंडी टेकव, पिशवीवर दाब आणि सरळ वर उचल, सरकवू नकोस. पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. पिशवीच्या आत वर्तमानपत्र घालायला विसरलास तर रंग मागच्या बाजूला जाईल. आधी रद्दीवर दहा-बारा ठसे मारून हात बसव. एक दिवस वाळू दे, मग मोठ्या माणसाकडून उलट्या बाजूने इस्त्री, म्हणजे धुतल्यावर रंग जात नाही. आई दर आठवड्याला ती पिशवी घेऊन भाजीला जाईल आणि भाजीवाल्या मावशींना सांगेल कोणी केलीये ते.

पिंपळाच्या पानाची जाळीही फुकटात होते, पण पान तीन-चार आठवडे पाण्यात कुजवावं लागतं आणि त्याला वास येतो, घरात गुपित राहणं अवघड. ते पुढच्या वेळी.

प्रश्न : आम्ही चिंचवडला, वडील सिंधुदुर्गात गावी. मुलगा सात वर्षांचा. रोज व्हिडीओ कॉल होतो पण आजोबा आणि नातू दोघांनाही दोन मिनिटांत बोलायला काही उरत नाही. त्याला आजोबांसाठी काहीतरी करायला लावावं असं वाटतं पण कुरिअरने काय पाठवणार, तुटतं सगळं.
– एक बाबा

उत्तर : पोस्टकार्ड! अहो खरंच, ५० पैशांचं पोस्टकार्ड अजून आहे. आपल्याकडे ते १८७९ साली सुरू झालं तेव्हा पाव आण्याला मिळायचं. पाच-दहा कार्डं एकदम घेऊन ठेवा आणि मुलाला सांगा की दर रविवारी एक चित्र आजोबांना. चित्र कशाचं? आजोबा जे बघू शकत नाहीत त्याचं. तुमच्या गॅलरीतून काय दिसतं, शाळेची बस, खालचा कुत्रा, आज डब्यात काय होतं. खाली एक ओळ लिहायची आणि त्यात आजोबांना एक प्रश्न विचारायचा, तुमच्या फणसाला किती फणस लागले, विहिरीला पाणी किती आहे, असला. म्हणजे आजोबांना उत्तर द्यावं लागेल, आणि व्हिडीओ कॉलवर बोलायलाही विषय मिळेल.

पत्ता त्यालाच लिहू द्या, अक्षर मोठंवाकडं आलं तरी, फक्त पिनकोड नीट आलाय ना ते बघा. पिनकोडची गोष्ट त्याला सांगा, मुलांना आवडते. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि तो आणला आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, ते टपाल खात्यात अधिकारी होते आणि संस्कृतचे कवी पण. पहिला आकडा विभागाचा, आपला ४, महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून. पहिल्या तीन आकड्यांनी पत्र कुठल्या जिल्ह्याच्या बाजूला जाणार ते ठरतं आणि शेवटच्या तीन आकड्यांनी नेमकं पोस्ट ऑफिस. एवढं कळलं की तो सगळ्या नातेवाइकांचे पिनकोड विचारत सुटेल.

पोस्टकार्डावर काही चिकटवू नका, टिकल्या, पानं वगैरे वाटेत निघतात. स्केचपेनही पावसात पसरतं, कोकणात तर विचारू नका, म्हणून पावसाळ्यात मेणाचे खडू किंवा साधी पेन्सिल. काही चिकटवायचंच असेल तर पाकिटात घाला, २० ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचं तिकीट. आणि स्वतःचा पत्ता लिहिलेली दोन-तीन कोरी कार्डं आजोबांना आधीच देऊन ठेवा, त्यांना पोस्टात हेलपाटा नको.

प्रश्न : माझा दहा वर्षांचा मुलगा आजीकडून सुईदोरा शिकला, त्याला बहिणीच्या बाळासाठी छोटी गोधडी शिवायचीय. घरातले पुरुष हसतात, तो आता कपाटामागे बसून शिवतो. मला फार वाईट वाटतं.
– कोल्हापूर

उत्तर : मला पण वाईट वाटलं वाचून आणि रागही आला. त्याला कपाटामागून बाहेर आणा, आज संध्याकाळीच, हॉलमध्ये सगळ्यांसमोर चटई टाकून तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर शिवायला बसा. हसणाऱ्यांना विचारा की त्यांच्या शर्टाची मापं घेऊन शिवणारा टेलर कोण आहे. आणि मुलाला जिव्या सोमा मशे यांच्याबद्दल सांगा. वारली चित्रं पूर्वी लग्नाच्या वेळी बायकाच भिंतीवर काढायच्या, सुवासिनींचं काम ते. डहाणूकडच्या या माणसाने ती रोज काढायला सुरुवात केली, भिंतीवरून कागदावर आणली, लग्न असो नसो काढतच राहिला, आणि पुढे जगभर त्यांची चित्रं गेली, २०११ साली पद्मश्री मिळाली. बायकांचं काम म्हणून ते थांबले असते तर?

आता गोधडी. पहिल्यांदाच करतोय तर हातरुमालाच्या दुप्पट एवढीच घ्या, बाळाच्या मांडीखाली घालण्यापुरती. आत दोन पदर जुनी सुती साडी, वरती घरातल्या प्रत्येकाच्या जुन्या कपड्याचा एकेक तुकडा. हसणाऱ्या काकांचा शर्टसुद्धा त्याने जाऊन मागावा, मी खरंच सांगतेय, आपल्या शर्टाचा तुकडा बाळाच्या अंगाखाली जाणार हे कळलं की माणूस हसायचा थांबतो. कापडं आधी धुऊन घ्या. सगळे पदर मोठ्या टाक्यांनी कच्चे धरून मग कडेकडून आत साधा धावदोरा, ओळी सरळ येण्यासाठी खडूने रेघा मारून द्या. बटण, लेस, टिकल्या काही नको, बाळासाठी आहे. आणि दर वेळी उठताना सुई मोजून पिनकुशनमध्ये, शिवून झाल्यावर पूर्ण गोधडीवर हात फिरवून बघायचं की आत काही राहिलं नाही ना, हे काम मात्र तुमचं.

प्रश्न : आमच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात, मुलं परदेशात. आमच्या विंगमधल्या पोरांना दिवाळीत त्यांच्यासाठी आकाशकंदील करायचाय. पाच ते बारा वयाची सात पोरं आहेत, सोपं काहीतरी सांगा.
– डोंबिवली

उत्तर : सात पोरं म्हणजे काम वाटून घ्या, नाहीतर मोठी मुलं सगळं करतात आणि लहानी रडतात. कामट्यांचा चांदणीचा कंदील फार देखणा होतो पण कामट्या तासायला नि बांधायला मोठं कोणीतरी हवं. कोणी आजोबा तयार असतील तर जरूर तोच करा. नाहीतर घोटीव कागदाचा गोल कंदील करा. कागद लांबीत दुमडायचा, दुमडीच्या बाजूने बोटभर अंतरावर काप द्यायचे, पण वरची दोन बोटं कड सोडून, मग उलगडून गोल गुंडाळून चिकटवायचा, पट्ट्या बाहेर फुगतात. आत पतंगाच्या कागदाची वेगळ्या रंगाची नळी. काप देणं मोठ्यांचं, चिकटवणं मधल्यांचं, आणि खालच्या झिरमिळ्या पाच-सहा वर्षांच्यांच्या, त्या कशाही कापल्या तरी वाऱ्यावर छानच दिसतात. आत एलईडीचा छोटा बल्बच लावायचा, पणती किंवा जुना पिवळा बल्ब अजिबात नाही, कागद पेट घेतो.

चिकटवायला घरची खळ करा. चमचाभर मैदा वाटीभर पाण्यात कालवून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळायचं. जुनी माणसं त्यात किडे लागू नयेत म्हणून मोरचूद घालायची, ते विषारी आहे, मुलांच्या हातात द्यायच्या खळीत घालू नका, रोज ताजी करा त्यापेक्षा.

एक अजून. कंदील पूर्ण करून आजींच्या दारात नेऊन फोटो काढू नका. अर्धा झाला की सामान घेऊन त्यांच्याच हॉलमध्ये जा, म्हणावं आमच्याकडे जागा नाही. त्यांना लहानपणी कसा कंदील करायचे ते सांगायचं असेल, रंग कुठला हवा ते सांगायचं असेल. आणि दिवाळी झाली की उतरवायलाही पोरांनीच जायचं.

प्रश्न : मुलांनी केलेल्या वस्तूंचा घरात ढीग झालाय. टाकवत नाही, ठेवायला जागा नाही. वन बीएचके आहे.
– पुणे

उत्तर : टाका, पण मुलाला न विचारता नाही, आणि केराच्या डब्यात त्याला दिसेल असं तर मुळीच नाही. एक खोकं ठरवा, त्याच्यावर त्याचं नाव, खोकं भरलं की त्यानेच बसून निवडायचं, काय ठेवायचं, काय कोणाला द्यायचं, काय रद्दीत. प्रत्येक वस्तूच्या मागे तारीख आणि कोणासाठी केली ते पेन्सिलीने लिहून ठेवा. जे तुम्हाला स्वतःला दिलंय त्यातलं एक तरी वापरात दिसू दे, पेनस्टँडमध्ये पेनं ठेवा, बुकमार्क पुस्तकात ठेवा. स्टेटसला टाकून मग कपाटात कोंबलं तर मुलांना ते बरोबर समजतं.

प्रश्न : मैदा-मिठाच्या पिठाचे प्राणी केले, वाळले छान पण चार दिवसांत परत मऊ पडले. काय चुकलं?
– रत्नागिरी

उत्तर : काही चुकलं नाही, तुमच्याकडची हवाच तशी, मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि पावसाळ्यात कोकणात त्या वस्तू टिकतच नाहीत. त्याऐवजी कागदाचा लगदा करा, आपल्याकडे पूर्वी टोपल्या करायचे तसा. वर्तमानपत्राचे तुकडे रात्रभर भिजवून पिळून घ्यायचे, भिजवलेले मेथीदाणे वाटून त्यात घालायचे, मेथी चिकट असते आणि कडू असल्यामुळे कीडही कमी लागते. एका वाडग्याला बाहेरून तेलाचा हात लावून त्यावर लगदा थापायचा, वाळल्यावर सुटून येतो. आत्ताच्या हवेत वाळायला आठवडा तरी लागेल, पंख्याखाली ठेवा आणि रोज फिरवा. ऑक्टोबरात कोरडं ऊन पडायला लागलं की दोन-तीन दिवसांत होतं. रंग मात्र पूर्ण वाळल्यावरच द्या, आत ओल राहिली तर वरून बुरशी येते.